धुतलेला पाइप

चकाचकला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलंच नव्हतं. ऑफिसात चकाचक, गल्लीत चकाचक, आणि घरी बायको एरवी 'अहो' म्हणायची पण चिडली की 'अहो चकाचक' म्हणायची, मग समजायचं की आज खैर नाही. नाव पडलं होतं त्याच्या पुसण्यावरून. खुर्ची पुसून बसायचा, चहाचा कप पुसून घ्यायचा, दुसऱ्याच्या घरी गेला तर दाराची कडी पुसायचा आणि मग वाजवायचा. बायको सांगायची, "लग्न ठरवायला आले तेव्हा आधी आमचा सोफा पुसला यांनी, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता मलाही पुसतात की काय!"

कामाला होता तो विमान अपघातांचा तपास करणाऱ्या ऑफिसात. नाव ऐकून लोकांना वाटायचं केवढा मोठा साहेब असेल. साहेब वगैरे काही नाही, तो टेक्निशियन. पुढे ऑफिसची इमारत, मागे पत्र्याची लांब शेड, आणि त्या शेडमध्ये चकाचकचं राज्य. मोडलेल्या विमानाचे भाग तिथे यायचे आणि तो ते तपासासाठी पुन्हा जोडायचा, चालवून बघायचा. शेडची फरशी अशी की ऑफिसातला वायरमन म्हणायचा, "चकाचकराव, इथे केस विंचरायला आरसा नको, खाली बघितलं की झालं."

त्या वर्षीच्या थंडीत पंधरा-वीस माणसांचं एक छोटं विमान पडलं. धावपट्टी समोर दिसत होती, म्हणजे अगदी दिसत होती, पायलटनं पॉवर वाढवायला हात पुढे केला, पण ते काही वर उचललं गेलं नाही. विमान धावपट्टीच्या अलीकडे माळावर आपटलं. चार-पाच जण वाचले, बाकीचे गेले. पायलट गेला. आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचं शेवटचं बोलणं होतं, "पॉवर येत नाहीये. येत नाहीये." बस.

आता प्रश्न एकच होता. पॉवर आली नाही, की त्यानं उशिरा मागितली? इंजिनाला जोर धरायला थोडा वेळ लागतोच, म्हणून विमान खूपच खाली आल्यावर त्यानं हात पुढे केला असेल तर चूक त्याची. आणि वेळेत केला असेल पण इंजिनाला इंधनच पोचलं नसेल, तर मग त्या बिचाऱ्याची काय चूक?

तपास होता मॅडमकडे. मॅडम म्हणजे केस पिकलेल्या, आवाज कधीच न चढवणाऱ्या, आणि डबा खाताना पण समोर अपघाताचे फोटो मांडून बसणाऱ्या. त्यांना पहिल्यापासून बर्फाचा संशय होता. विमानाच्या इंधनात थोडं पाणी असतंच, कितीही काळजी घ्या. ते विमान त्या दिवशी कडाक्याच्या थंडीत या गावाहून त्या गावाला अशा छोट्या छोट्या उड्या मारत आलं होतं. त्या पाण्याचा पाइपात बर्फ झाला असेल, फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकला असेल, तर इंजिन उपाशी. पण हे सिद्ध कसं करणार? लोक विमानापाशी पोचेपर्यंत इंजिनाच्या धगीनं बर्फ वितळून गेलेला. फिल्टरच्या वाटीत थोडं पाणी सापडलं, पण विझवायला आलेल्या गाड्यांनी पण पाणीच मारलं होतं की!

वायरमन म्हणाला, "हा पहिलाच खुनी असेल जो पळून नाही गेला, सांडून गेला."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चकाचक, तू मला तो परत करून दाखव."

मग चकाचकनं रिग उभी केली. रिग म्हणजे काय, तर विमानाचा इंधनाचा भाग तेवढा जमिनीवर मांडायचा. टाकी, त्याच विमानातून काढलेला पंप, पाइप, त्याच विमानाचा फिल्टर, आणि पुढे इंजिनाच्या जागी एक झडप. झडप थोडी उघडली की विमान सावकाश उतरतंय, पूर्ण उघडली की पायलटनं पॉवर मागितली. सगळं एका मोठ्या थंड पेटीत, आणि मधला पाइप काचेचा, आत काय चाललंय ते दिसावं म्हणून. इंधनात मोजून थेंबभर पाणी मिसळायचं, पेटी गार करायची, पंप चालू करायचा आणि काचेला डोळा लावून बसायचं.

काही होईना. रोज करायचा, रोज काही होईना. खूप जास्त पाणी घातलं की फिल्टर तुंबायचा, पण तेवढं पाणी विमानात होतं असं कुणी मानलं नसतं. बरोबर तेवढंच पाणी घातलं की इंधन निमूट वाहत राहायचं. आणि प्रत्येक वेळी झालं की चकाचक काय करायचा, तर गरम इंधन सोडून पाइप आतून धुवायचा. पंप, पाइप, फिल्टर, सगळं. मगच पुढची चाचणी. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उष्ट्या ताटात दुसरं जेवण वाढतं का कुणी?

संध्याकाळी घरी गेला की अंगाला रॉकेलसारखा वास यायचा आणि बायको नाकाला पदर लावून म्हणायची, "आधी अंघोळ! आणि काय, सापडला का तुमचा बर्फ?"

"नाही गं."

"एवढं जग गारठलंय आणि तुम्हालाच तेवढा मिळेना!"

अशात एक दिवस दुपारी पायलटचे वडील आले. फाटकावरच्या रखवालदारानं आधी दोनदा परत पाठवलं होतं, तिसऱ्यांदा त्याला पण कसंतरी झालं असावं. म्हातारा माणूस, मोठमोठे पंजे, आयुष्यभर बस चालवलेली. बायको आधीच गेलेली, एकच मुलगा, आणि तो असा. चकाचक नुकतीच एक चाचणी संपवून धुण्याच्या तयारीत होता, तेवढ्यात ते दारात.

"बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत हो," चकाचक म्हणाला.

"मी बाहेरचा नाही," बाबा म्हणाले. "आत जे चाललंय ते माझ्या घरचंच आहे."

चकाचकनं स्टूल पुसलं आणि दिलं बसायला. बाबा बसले, रिगकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकदा चालवून दाखवता? मला फक्त बघायचंय, शेवटी त्याच्या हाताखाली काय होतं ते."

चकाचकनं धुणं तसंच ठेवलं आणि रिग चालू केली. इंधन वाहिलं. शेवटी झडप पूर्ण उघडली. काही झालं नाही.

"अजून एकदा."

पुन्हा केलं. काही नाही.

"अजून एकदा करता का? मग निघतो, बस आहे माझी."

असं 'अजून एकदा' किती वेळा झालं कोण जाणे. म्हाताऱ्याला नाही म्हणवेना, आणि दर वेळी मध्ये धुवायचं म्हटलं तर त्यात संध्याकाळ गेली असती. चकाचक नुसता झडप बंद करायचा, उघडायचा, बंद करायचा, उघडायचा. आणि मग एकदा त्यानं झडप पूर्ण उघडली, आणि काचेच्या पाइपाच्या आतून, भिंतीला चिकटलेलं काहीतरी पांढरं, ओल्या साबणाच्या फेसासारखं, एकदम सुटलं. सगळं एकदम! सरकत सरकत गेलं आणि फिल्टरच्या तोंडावर जाऊन बसलं. दाबाचा काटा धाडकन खाली. पंप रडायला लागला.

"आला! आला!" चकाचक ओरडला. आयुष्यात कधी एवढ्या मोठ्यानं ओरडला नसेल. बाबांनी त्याचं मनगट असं धरलं की बोटं उमटली. "हेच ना? हेच झालं ना माझ्या पोराला? त्यानं मागितलं आणि हे आडवं आलं?"

"हेच, बाबा. हेच."

दोघं रडत होते आणि हसत होते, आणि काचेतला पांढरा गोळा बघता बघता विरघळत चालला होता, कारण पेटीचं झाकण त्या गडबडीत उघडंच राहिलं होतं. चकाचक मॅडमना बोलवायला धावला. त्या येईपर्यंत पाइपात पांढरं काहीच उरलं नव्हतं.

"सगळं नेहमीसारखंच केलं होतंस?" मॅडमनी विचारलं.

"नेहमीसारखंच," चकाचक म्हणाला. आणि खोटं नव्हता बोलत तो! त्याला खरंच तसं वाटत होतं. पाणी तेवढंच, थंडी तेवढीच, पंप तोच. धुण्याचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. श्वास घेतला का, असं कुणी विचारलं तर आपल्याला आठवतं का? आणि मॅडमनी पण विचारलं नाही. चकाचकला 'धुतलंस का' म्हणून कोण विचारेल!

"मग परत आलं पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "एकदा आलेलं मी लिहू शकत नाही. दुसऱ्यांदा आलं तर लिहीन."

म्हणून चकाचक कामाला लागला. आणि आता काम इतकं महत्त्वाचं झालं होतं म्हणून त्यानं अजून जीव लावून धुतलं. एकदाच्या जागी दोनदा. पंप उघडून, फिल्टर उघडून, काच मऊ कापडानं. वायरमन म्हणाला, "अहो, किती घासता, पाइप पातळ होईल." चकाचक ऐकतोय कसला. जितकं ते यावंसं वाटायचं तितकं तो जास्त धुवायचा, आणि जितकं धुवायचा तितकं ते यायचं नाही.

बाबा फाटकाशी यायचे. चकाचक बाहेर जाऊन मान हलवायचा, नाही. बाबा म्हणायचे, "येईल. आपण बघितलंय ना दोघांनी." पुढे पुढे चकाचकला फाटकापर्यंत जायची लाज वाटायला लागली. मग तो शेडच्या खिडकीतूनच मान हलवायला लागला. मग खिडकीशी पण जाईना.

रिपोर्ट निघाला. इंधनात बर्फ झाल्याची शक्यता तपासली, पुरेसा पुरावा मिळाला नाही. पायलटनं पॉवर वाढवायला उशीर केल्याचं जास्त संभवतं. मॅडमनी ते वाक्य किती वेळा खोडून लिहिलं असेल ते त्यांनाच माहीत, पण लिहिलं शेवटी. वर्तमानपत्रवाल्यांनी तर 'शक्यता' आणि 'संभवतं' पण काढून टाकलं आणि मोठ्या अक्षरात छापलं, पायलटची चूक.

पुढच्या काही दिवसांत चकाचकनं रिग सुटी केली. एकेक भाग धुतला, पुसला. विमानाचे होते ते बाकीच्या सांगाड्याबरोबर भट्टीत वितळवायला गेले. काचेचा पाइप दुसऱ्या कुठल्या शेडला लागत होता, तो पण गेला. फरशी पुन्हा आरशासारखी झाली.

थंडी सरली, गरमी आली. एका रविवारी चकाचक आणि बायको तिच्या धाकट्या बहिणीकडे गेले. ही मेहुणी म्हणजे चकाचकच्या बरोबर उलटी. तिच्या घरात बसायचं तर आधी खुर्चीवरचे कपडे उचलायचे, आणि ते कुठे ठेवायचे हा पुढचा प्रश्न.

"भाऊजी, तुम्ही काही पुसायचं नाही हं आज," ती दारातच म्हणाली. "नुसतं बसायचं. सरबत करते, फ्रीजमधला बर्फ तेवढा काढा."

चकाचकनं फ्रीजचं वरचं दार उघडलं. आत बर्फाची गुहा! सगळ्या भिंतींवर पांढरे थरच्या थर, मध्ये एवढीशी भेग, त्यात बर्फाचा ट्रे रुतलेला.

"हे कधी साफ करतेस तू?"

"साफ करायचं असतं? दार रोज उघडायचं, लावायचं, साचतो तो. आपोआप साचतो हो. आमच्याकडे आपोआप होणारी तेवढी एकच गोष्ट आहे."

आतून बायको ओरडली, "आमच्याकडे नखाएवढा पण दिसणार नाही तुला! दर रविवारी पुसतात फ्रीज. आज इथे आलो म्हणून सुटला बिचारा."

चकाचकनं ट्रे ओढला. निघेना. जोर लावून हिसका दिला, आणि भिंतीवरचा अख्खा थर एकदम सुटून खाली आला, त्याच्या पायावर.

मेहुणी हसत सुटली. बायको पण हसत आली आणि त्याचं तोंड बघून थांबली.

"काय झालं? लागलं का?"

तो खाली बसला होता. ओल्या फरशीवर, तसाच.

"मी धुवत होतो," तो म्हणाला.

"काय?"

"अगं, विमान कोण धुवत होतं? एका गावी उतरलं, पुन्हा उडालं, पुन्हा उतरलं, पुन्हा उडालं. दर वेळी थोडा थोडा साचला असेल. मी दर वेळी धुवून टाकत होतो. तो साचतच होता आणि मी दर वेळी धुवून टाकत होतो!"

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या टेबलापुढे उभा होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. मलाच सुचायला हवं होतं." आणि मग म्हणाल्या, "रिग?"

"सुटी केली."

"पंप, फिल्टर?"

"भट्टीत."

"त्या जातीचा पंप आता कुणी बनवत नाही," मॅडम म्हणाल्या. "ती विमानं तर जुनीच, उरलेली पण या अपघातानंतर भंगारात निघाली. तपास पुन्हा उघडायचा तर नवा पुरावा लागतो. तुझ्या मेहुणीचा फ्रीज मी वर कसा पाठवू? मी लिहिते. पण ते काय उत्तर देतील ते तुला पण माहीत आहे."

उत्तर आलं. तेच आलं.

मग उरले बाबा. चकाचकला वाटलं, निदान त्यांना तरी कळायला हवं. जगाला नाही तर नाही, बापाला तरी. तो त्यांच्या घरी गेला. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, भिंतीवर मुलाचा गणवेशातला फोटो. बाबांनी दार उघडलं, आणि इतके वाळले होते की ते मोठे पंजे कुण्या दुसऱ्याचे वाटत होते.

चकाचकनं सगळं सांगितलं. धुण्याचं, फ्रीजचं, सगळं. बाबा ऐकत होते आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा झाला की चकाचकला वाटलं आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे त्यानं वेळेत हात पुढे केला होता."

"हो. म्हणजे बहुतेक."

"बहुतेक?"

"आता नक्की कुणालाच सांगता येणार नाही, बाबा."

बाबा खिडकीशी गेले. "मी दारोदार जाऊन आलो," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "रिपोर्ट आला ना, तेव्हा. जे गेले त्यांच्या प्रत्येकाच्या घरी. म्हटलं, पोरगा तर जाऊ शकत नाही, मी जातो. हात जोडले. म्हटलं, माझ्या मुलाची चूक झाली, माफ करा. एकानं तोंडावर दार आपटलं. एक जण अंगावर धावून आला. आणि मी हो हो म्हणत होतो. माझ्या तोंडानं म्हणालो मी, चूक झाली त्याची. आपण दोघांनी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तरी म्हणालो! मला वाटलं, एवढे शिकलेले लोक लिहितात, मीच म्हातारा, मलाच भास झाला असेल. आणि तुम्ही तर फाटकावर यायचे पण बंद झालात."

चकाचक उठून त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

"चला," बाबा एकदम म्हणाले. "चला माझ्याबरोबर. एका तरी घरी. एक बाई होती, तिनं मला आत बसवलं होतं, पाणी दिलं होतं. तिला तरी सांगू."

दोघं बसनं गेले. बाई लहान मुलांच्या शाळेत शिकवायची, नुकतीच घरी आली होती, खांद्यावरची पिशवी पण उतरवली नव्हती. त्या विमानात तिचा नवरा होता. बाबांना बघून ती हसली. थकलेलं, पण खरं हसू.

"या ना, बाबा. हे कोण?"

बाबा तिथे उंबऱ्यातच बोलायला लागले. धापा टाकत, पुढचं मागे, मागचं पुढे. बर्फ, पाइप, धुणं. "हे बघा, हेच ते, यांनीच धुतलं, यांना विचारा तुम्ही. माझ्या मुलाची नव्हती हो चूक."

ती ऐकत होती. तिचं हसू हळूच गेलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी खूप रडून रडून माफ केलंय त्याला. तुम्ही आलात ना त्या दिवशी, त्यामुळे जमलं मला. त्याच्या आधी झोप नव्हती. मुलीला पण सांगितलं, माणूस चुकतो, आपण राग धरायचा नाही. ती पण आता बरी झोपते." तिनं पिशवी खांद्यावरून उतरवली. "आता चूक त्याची पण नाही म्हणता. बर्फाची. बर्फाला मी काय माफ करू? मग माझा नवरा कशासाठी गेला, असाच?"

आतून मुलीनं विचारलं, "आई, कोण आलंय?"

चकाचकनं बाबांकडे बघितलं. त्याला वाटलं, आता बोला, बाबा, सांगा की आम्ही बघितलंय. बाबांचे ओठ हलत होते. त्यांनी एकदा आत त्या आवाजाच्या दिशेनं बघितलं.

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. म्हाताऱ्या माणसाला कुणी काही सांगितलं की पटतं. यांना पण नक्की माहीत नाही, बहुतेक म्हणतात. चूक त्याचीच. रिपोर्टमध्ये आहे तसंच."

"नक्की ना, बाबा?"

"नक्की," बाबा म्हणाले, आणि हात जोडले. पुन्हा.

बस स्टॉपवर दोघं शेजारी उभे राहिले. चकाचकला काहीतरी बोलायचं होतं, माफ करा वगैरे, पण आज या माणसाकडे माफी मागायची म्हणजे माफ करायचं अजून एक ओझं त्यांच्यावरच टाकायचं. बाबांची बस आधी आली. ते दांडा धरून चढले, आणि सवयीनं वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, त्यांच्या मुलापेक्षाही लहान.

"सावकाश घे रे, पोरा," बाबा म्हणाले.

दार लागलं आणि बस गेली.